नव्या बोटीत पाणी साठतंय आणि डीलर दाद देत नाही

प्रश्न : नमस्कार. आम्ही तापोळ्याच्या बाजूचे. घरात मी आणि धाकटा भाऊ, शेती थोडीच, बाकी पोट सगळं शिवसागरावर, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात पर्यटकांना बोटीनं फिरवण्यावर. दिवाळीच्या तोंडावर बँकेचं कर्ज काढून फायबरची नवी बोट घेतली, इंजिनासकट, एकाच डीलरकडनं, एकाच बिलावर, साधारण सात लाखाला. पाण्यात टाकल्यापासून तळात पाणी साठतंय, इंजिन जरा जोरात चालवलं की गरम होऊन बझर वाजतो, आणि मागं जिथं इंजिन बोल्टनं आवळलंय तिथं बारीक तडे दिसायला लागलेत. डीलर म्हणतो मेकॅनिक पाठवतो, येत कुणी नाही. एकदा एक जण आला तो तळाचं पाणी सोडायचं बूच घट्ट करून गेला. आता म्हणतो इंजिनाचं कंपनीला विचारा, बोट तुम्हीच खाली दगडाला घासली असणार, आणि वर म्हणतो धंद्याला घेतलीय त्यामुळं ग्राहक कोर्टात तुमचं चालणार नाही. सीझन चालू आहे, हप्ता पण चालू झालाय. काय करावं?
— एक वाचक, ता. महाबळेश्वर, जि. सातारा

उत्तर : दादा, आधी एक गोष्ट, आणि ही डीलरची नाही तुमच्या हातातली आहे, या बोटीत सध्या एकही पर्यटक बसवू नका. हप्ता आहे, वासोटा किल्ल्याला जाणारी गिऱ्हाईकं दारात येतायत, सगळं समजतं, पण ज्या फळीवर इंजिन लटकलंय तिलाच तडे असतील आणि आत पाणी येत असेल तर ती बोट मधल्या खोल पाण्यात माणसं घेऊन जायच्या लायकीची नाही. शिवाय तक्रार केल्यावरही तुम्ही फेऱ्या मारत राहिलात तर डीलर उद्या हेच म्हणणार की बोट चांगली चालतीय की, मग तक्रार कसली. बोट बाहेर काढा, झाका, आणि कोणत्या तारखेपासून बंद ठेवलीय ते लिहून ठेवा. बुडालेला धंदा मागताना ती तारीख कामाला येते.

आता ते "धंद्याला घेतलीय" वालं बोलणं. हे ऐकून कितीतरी माणसं गप बसतात म्हणून जरा सविस्तर सांगतो. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू वगळलीय हे खरं, पण त्याच कलमाच्या खाली स्पष्टीकरण दिलंय, की माणसानं स्वतः राबून, स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच वस्तू घेतली आणि वापरली असेल तर ते व्यापारी कारण धरायचं नाही. सुप्रीम कोर्टानं 1995 मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या निकालात स्वतः चालवायला रिक्षा घेणाऱ्याचं उदाहरण देऊन हे सांगितलंय, आणि मदतीला एकदोन माणसं असली म्हणून तो ग्राहक राहत नाही असं होत नाही हेही सांगितलंय. तुम्ही आणि भाऊ स्वतः बोट चालवता, म्हणजे तुम्ही ग्राहकच. मात्र तक्रारीत हे स्पष्ट लिहा, की बोट आम्ही दोघं भाऊच चालवतो आणि घर त्यावरच चालतं, कारण हे वाक्य नसलं की समोरचा वकील पहिला तिथंच बोट ठेवतो. चारपाच बोटी घेऊन पगारी चालक ठेवले असते तर प्रकरण अवघड झालं असतं, तुमचं तसं नाही.

दुसरं, "इंजिन कंपनीचं, बोट आमची" ही जी टोलवाटोलवी चाललीय ती अजिबात मान्य करू नका. बिल एक आहे, पैसे एकाला दिलेत, आणि इंजिन बोटीला बसवलं कुणी तर डीलरनं. इंजिन आतून बिघडलं असेल तर कंपनीची वॉरंटी आहेच, पण ते चुकीच्या उंचीवर बसवलं, बोल्टची भोकं नीट सील केली नाहीत, मापाचं इंजिन दिलं नाही, ही सगळी बसवणाऱ्याची कामं. माझ्या मते तुमच्या तिन्ही तक्रारींचं मूळ इथंच असण्याची बरीच शक्यता आहे. ते तुम्ही घरच्या घरी बऱ्यापैकी तपासू शकता, फक्त काही उघडायचं नाही. गावातल्या मेकॅनिकला चुकूनही इंजिनाला पाना लावू देऊ नका, डीलर त्याचंच निमित्त करून वॉरंटी नाकारतो.

इंजिनाचं बघा. आउटबोर्ड इंजिन, म्हणजे तुमच्यासारखं मागच्या फळीला बाहेरनं लटकवलेलं, तलावाचंच पाणी खालनं ओढून थंड होतं आणि चालू असताना त्याची एक बारीक धार मागं बाहेर पडत असते. ती धार बारीक झालीय का, तुटक येतीय का, का गरम व्हायच्या आधी बंदच होतीय, याचा मोबाईलवर व्हिडिओ काढा, आणि बझर वाजला की इंजिन लगेच बंद करा, तसंच रेटलं तर खरंच नुकसान होईल आणि ते तुमच्या माथी येईल. पाणी ओढायच्या जाळीत गवत, चिखल, प्लास्टिक अडकलंय का ते बाहेरनं बघा. जाळी साफ आणि तरी धार नीट नाही, तर आतल्या पंपाचा रबरी पंखा खराब असू शकतो, ते कंपनीच्या माणसानं बघायचं. पण त्याच्या आधी टेप घ्या आणि माप काढा. बोटीच्या मागच्या फळीची वरच्या कडेपासून तळापर्यंतची उंची किती ते मोजा, शॉर्ट शाफ्टचं (आखूड दांड्याचं) इंजिन साधारण 15 इंचाच्या फळीला आणि लाँग शाफ्टचं (लांब दांड्याचं) 20 इंचाच्या फळीला चालतं. इंजिनाच्या खालच्या, बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या वर जी आडवी सपाट प्लेट असते ती बोटीच्या तळाच्या साधारण लेव्हलला यायला पाहिजे. ती बरीच वर असेल तर वेगात पंखा हवा पकडतो, इंजिन नुसतं ओरडतं, पाणी पण नीट ओढलं जात नाही आणि गरम होतं. टेप लावलेला फोटो काढा. मापच चुकलं असेल तर मग डीलरला बोलायला जागा राहत नाही.

पाण्याचं. बोट काठावर ट्रेलरवर किंवा ओंडक्यांवर नीट आधार देऊन ठेवा, बूच लावा, तळ बाहेरनं पूर्ण कोरडा पुसा आणि आत थोडंच पाणी ओता, जास्त नको, शंभर लिटर म्हणजे शंभर किलो वजन होतं आणि कोरड्यावर त्याचा भार फायबरवर पडतो. मग बाहेरनं कुठं ओल येते ते बघा आणि खडूनं खूण करा. बुचापाशी आली तर छोटं काम आहे, इंजिनाच्या बोल्टपाशी आली तर सीलिंग नाही, आणि मधेच तळातनं आली तर फायबरचा थरच कमी पडलाय किंवा आत पोकळी राहिलीय. कुठंच आली नाही पण माणसं बसली की पाणी येतं असं असेल तर वरचा आणि खालचा भाग जिथं जोडलाय तो सांधा बघायचा.

तडे मात्र मला सगळ्यात जास्त काळजीचे वाटतात. फायबरच्या वरच्या रंगीत थराला, ज्याला जेलकोट म्हणतात, बारीक केसाएवढे तडे नुसते वरवरचे पण असू शकतात. पण ते बोल्टच्या भोकापासनं चारी बाजूला पसरत असतील तर तिथं ताण येतोय असं समजायचं. बऱ्याच बोटींत या फळीच्या आत प्लायवूड असतं, भोकातनं पाणी आत गेलं की ते कुजतं, बोल्ट ढिले होतात आणि वर पूर्ण इंजिनाचं वजन आणि जोर. नाण्यानं सगळीकडं ठोकून बघा, टणक आवाज येतो तिथं ठीक, बद्द येतो तिथं खूण करा. डीलरचा माणूस येऊन वरनं पुटी भरून पॉलिश करतो म्हणाला तर नाही म्हणायचं. इंजिन उतरवून भोकं तपासून मगच काम. दगडाला घासल्याचं म्हणतो ना, मग तळाचे आणि पंख्याचे जवळनं फोटो काढा, दगडाला लागलेली बोट खालनं खरवडलेली दिसते, पंख्याची पाती दुमडतात, मागच्या फळीच्या बोल्टभोवती तडे पाडायला दगड तिथं पोचत नाही.

एवढं झालं की फोनवरचं बोलणं बंद आणि सगळं लेखी. साधं पत्र, स्पीड पोस्टानं, त्याचाच फोटो व्हॉट्सअ‍ॅप आणि मेलवर, इंजिन कंपनीला पण एक प्रत. त्यात बिल नंबर, इंजिन नंबर, आणि प्रत्येक दोष वेगळा, तो कधी दिसला, मेकॅनिक कधी आला आणि त्यानं काय केलं ते लिहा. खाली मागणी स्पष्ट पाहिजे, पंधरा दिवसात स्वखर्चानं दुरुस्ती, झालेल्या कामाचं जॉब कार्ड (काय काम केलं त्याची लेखी नोंद), पाण्यात टाकून तुमच्यासमोर चाचणी, नाहीतर बोट बदलून द्या किंवा पैसे परत. रागाचे शब्द नकोत, ते पत्र पुढं ग्राहक आयोगापुढं वाचलं जाणार आहे. आणि तो दुरुस्ती करून देतो म्हणाला तर करू द्या की, बऱ्याचदा असं पत्र गेलं की माणूस येतोच, फक्त "काम समाधानकारक" वर सही चाचणी झाल्याशिवाय करायची नाही.

तरी हलला नाही तर 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, तिथं तक्रार नोंदवता येते, खर्च नाही. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग, डीलर ज्याला ग्राहक कोर्ट म्हणतो तोच. डीलर कुठल्याही गावचा असू दे, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात म्हणजे साताऱ्यात तक्रार करता येते, 50 लाखापर्यंतचा व्यवहार जिल्हा आयोगाकडेच जातो. पाच ते दहा लाखाच्या व्यवहाराला फी 200 रुपये, वकील सक्तीचा नाही, ऑनलाइन पण भरता येते, मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. डीलर आणि इंजिन कंपनी दोघांनाही पार्टी करा. दोष तपासल्याशिवाय ठरत नसेल तर आयोग वस्तू लॅबकडे तपासायला पाठवू शकतो, पण तुमच्याकडं आधीच बोटी तपासणाऱ्या एखाद्या जाणकार सर्व्हेअरचा लेखी रिपोर्ट असेल तर तक्रारीला वजन येतं. इनलँड व्हेसल्स अ‍ॅक्ट 2021 खाली बोटीचा सर्व्हे (तपासणी) आणि नोंदणी असते आणि आपल्याकडं ते महाराष्ट्र मेरीटाइम बोर्ड बघतं, तर सर्व्हेच्या वेळी हे दोष दाखवा आणि शेरा लेखी मागून घ्या. बँकेला पण एक पत्र टाका, पण हप्ता थांबवू नका, डीलरशी भांडण आहे म्हणून कर्ज थांबत नाही, आणि हप्ता थकला तर नुकसान तुमचंच.

प्रश्न : कृष्णाकाठच्या आमच्या गावातल्या मंडळानं वर्गणीतनं पुरासाठी हवेची रबरी बोट घेतली. रात्री भरून ठेवली की सकाळी मऊ पडते. बिलावर "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असं छापलंय. आता?
— ता. मिरज, जि. सांगली

उत्तर : छापलेलं असू द्या. दोष असलेला माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसात परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही 2019 च्या कायद्यात अनुचित व्यापार प्रथा धरलीय. म्हणून 30 दिवसांच्या आत लेखी कळवा, हीच घाई आहे. गार हवेनं रात्री दाब थोडा उतरतो, ते स्वाभाविक आहे, तेव्हा बोट सावलीत भरून सगळे कप्पे वेगवेगळे बघा आणि सांध्यांवर, व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले की व्हिडिओ. एकच कप्पा कायम मऊ पडत असेल तर ते हवामान नाही. मंडळ सोसायटी म्हणून नोंदलेलं असेल तर तक्रार मंडळाच्या नावानं करा आणि ठराव जोडा. आणि हे काम जुलैच्या आधी उरका, सांगलीच्या आयर्विन पुलाला 40 फुटाची इशारा पातळी गाठली की मग पत्र लिहायला कुणाला वेळ नसतो, आणि तोवर बदलून मिळाली नाही तर ही बोट पुराच्या यादीत धरू नका, तहसीलला तसं कळवा म्हणजे गावासाठी दुसरी सोय होईल.