कटिंग क्लीन, तरी चिकटवल्यासारखं का दिसतं?

प्रश्न: सर, मी आणि माझा मित्र मिळून कॉमिकसारखी पोस्टरं बनवतोय, मित्र सुपरहिरो, त्याच्या आईची जुनी लाल साडी म्हणजे केप. रंकाळ्यावर सूर्य मावळताना कट्ट्यावर कॅमेरा ठेवून बॅकग्राउंड काढलं, मग ओळखीच्या स्टुडिओत दोन सॉफ्टबॉक्स (मऊ, पसरट उजेड देणारे लाइट) लावून मित्राचे फोटो. फोटोशॉपमध्ये मित्राला कापून त्या बॅकग्राउंडवर ठेवलं, कटिंग एकदम क्लीन झालंय, एकेक केस नीट, तरी लग्नाच्या अल्बममध्ये मागं स्वित्झर्लंडचा बर्फ लावतात ना, तसंच दिसतंय. वरून कॉमिक फिल्टर मारला तर अजूनच बेकार. कुठं चुकतंय?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: कटिंगच्या नादात सगळेच अडकतात हो, मीपण दोन वर्षं अडकलो होतो. तुमची गडबड फोटोशॉप उघडायच्या आधीच झालीय. कट्ट्यावर कॅमेरा म्हणजे जमिनीपासून दोनेक फूट, आणि स्टुडिओत तुम्ही ट्रायपॉड डोळ्यांच्या उंचीला लावला असणार, पैज लावतो. सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाला क्षितिजाची रेघ कॅमेऱ्याच्याच उंचीवर कापते, म्हणजे तुमच्या फोटोत ती मित्राच्या गुडघ्याच्या आसपास जायला हवी, पण तुम्ही मित्राला डोळ्यांच्या उंचीवरून बघितलंत आणि तलाव दोन फुटांवरून, मग तो हवेत तरंगणार नाहीतर काय! तसंही हिरोला खालूनच बघायचं असतं, त्यामुळं स्टुडिओतसुद्धा कॅमेरा दोन फुटांवर आणा, लेन्स तीच, आणि मित्र कॅमेऱ्यापासून जितका लांब दाखवायचाय तितक्याच लांब उभा करा. जागा कमी पडली तर लेन्स बदलून भागत नाही, कारण पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे जवळचं-लांबचं एकमेकांच्या मानानं किती लहानमोठं दिसतं ते, अंतरावर ठरतं.

दुसरं लाइटचं. सूर्य त्याच्या पाठीमागं मावळतोय आणि चेहरा समोरून दोन सॉफ्टबॉक्सनी उजळलाय, हे कुणालाही खटकणारच. एक फ्लॅश सॉफ्टबॉक्स काढून उघडाच त्याच्या मागं ठेवा, सूर्य आहे त्याच बाजूला, त्यावर नारिंगी जेल पेपर (लाइटवर लावायचा रंगीत पारदर्शक कागद), कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (रंगांची सेटिंग) डेलाइटवर फिक्स, आणि समोरचा लाइट एकदम मंद. खांद्यावर, केसांवर जी चमकती कड येते ना, ती म्हणजे अर्धं कॉमिक. पायाखालची सावली मात्र कापून टाकू नका, ती नसली की सगळं मुसळ केरात.

म्हणून आधी लोकेशन, मग स्टुडिओ हा क्रम बरोबर होता तुमचा, फक्त तिथं वहीत कॅमेऱ्याची उंची, लेन्स, सूर्याची बाजू लिहून ठेवायची. (१८५७ मध्ये रेजलँडर नावाच्या फोटोग्राफरनं तीसेक निगेटिव्ह जोडून एक चित्र छापलं होतं, तेही फोटोशॉपशिवाय, त्यामुळं सॉफ्टवेअर जुनं आहे ही तक्रार मी ऐकणार नाही.)

फिल्टर शेवटी, सगळं जोडून झाल्यावर पूर्ण चित्रावर एकदमच मारा, नुसत्या मित्रावर नाही. पोस्टराइझ (म्हणजे रंगांच्या छटा मोजक्याच ठेवणं) चार-पाच लेव्हल, त्यावर हाफटोनचे ठिपके, आणि काळ्या रेषा वेगळ्या लेयरवर मल्टिप्लाय मोडमध्ये (त्यात पांढरं दिसत नाही, काळं तेवढं राहतं), पण रेषा हातानं काढा, हिरोची जाड, मागच्या झाडांची बारीक. फिल्टर सगळ्या रेषा सारख्याच काढतो आणि तिथंच तो बेकार वाटतो.

आणि हो, केपसाठी टेबलफॅन लावला असेल तर साडी नुसती फडफडली असणार. पदराला दोरा बांधून एकाला ओढायला सांगा, दोरा नंतर खोडता येतो.