आजीचं वानर आणि आपलं माकड

चि. ओजस,
अनेक आशीर्वाद.

काल तू सोलापूरहून विचारलंस आणि तेवढ्यात तिकडची लाइट गेली, वायफायही गेलं. म्हणून लिहूनच पाठवतेय. जोडाक्षरं अडली तर आजीकडून वाचून घे.

तू म्हणालास, चिंचेवर काळ्या तोंडाचे आले की आजी हात जोडून "मारुतीराया आले" म्हणते, आणि गुलाबी तोंडाचं एखादं गच्चीवर दिसलं की काठी घेऊन धावते. दोघं माकडंच ना? मग असं का? आणि शिवाय, जपानमधल्या आपल्या नागानोच्या माकडांना शेपूट एवढीशी, इथल्यांना एवढी लांब, ते का?

आधी एक सांगते, "दोघं माकडंच" असं आजीसमोर म्हणू नकोस. काळ्या तोंडाचं, राखाडी अंगाचं, लांब पायांचं ते वानर. डोक्यावर मधोमध भांग पाडल्यासारखे केस असलेलं ते माकड. जपानीत दोघंही 'सारू'च, मराठीत नाही. माकडचेष्टा, माकडाच्या हाती कोलीत, सगळी बदनामी माकडाच्या नावावर. वानर मात्र रामाच्या सैन्यातलं. लंका जाळल्यावर शेपटी विझवताना तोंडाला काजळी लागली ती तशीच राहिली, असं माझी आजी सांगायची. परवा हनुमान जयंतीला पहाटे सुंठवडा मिळाला ना, तो त्याच मारुतीचा.

पण काठीचं कारण रामायण नाही, शेंगाचटणी आहे. मी तुझ्याएवढी असताना आजीने उखळात कुटलेली चटणी खिडकीत ठेवली होती. एक माकड आलं, झाकण काढलं आणि चावायच्या भानगडीत न पडता नुसतं कोंबत सुटलं. दोन्ही गाल लिंबाएवढे फुगले. मग टाकीवर बसून एकेक घास बाहेर काढून खाल्ला, आणि तिखट लागल्यावर खाली येऊन आमच्याच बादलीत तोंड घातलं. आजी अजून विसरलेली नाही.

गालात ती पिशवी असते माकडाला. मिळेल ते भरायचं, पळायचं, मग निवांत खायचं. वानराला अशी पिशवी नसते, त्याची सोय पोटात आहे. गायीसारखे पोटाचे कप्पे, आणि तिथले जंतू पानं आंबवून पचवतात. म्हणून चैत्रात सगळं करपून फळं संपली, तरी वानर झाडावर बसून जून पानंसुद्धा खातं, आणि पाण्याची बरीच गरज त्याच पानांतून भागते. त्याच्या भाऊबंदांपैकी काही जोधपूरच्या रखरखाटात राहतात, काही हिमालयाच्या बर्फात. हिमालयातले आकाराने मोठे आणि दाट केसांचे. माकडाला मात्र फळं, बिया, किडे लागतात. कमी पडले की ते माणसाच्या वळचणीला येतं.

सोलापूर असं कोरडं का, हे आजोबांनी सांगितलं असेलच: ढग सह्याद्रीवर रिकामे होतात, आपल्या वाट्याला उरलंसुरलं. पाऊस जिथे भरपूर पडतो तिथे वेगळीच मंडळी आहेत. कर्नाटक, केरळ, तमिळनाडूच्या घाटातल्या सदाहरित रानात सिंहपुच्छ माकड राहतं, काळं, तोंडाभोवती पांढरी आयाळ. गंमत म्हणजे त्याचे सगळ्यात जवळचे नातेवाईक शेजारी नाहीत, ते थेट ईशान्य भारतात आणि त्याच्याही पलीकडे. मधल्या एवढ्या मोठ्या मुलखात कुणीच नाही! अभ्यासकांचं म्हणणं असं की हिमयुगांत पाणी बर्फात अडकलं, मान्सून दुबळा झाला, ओली रानं आकसून तुकडे झाले. तुकड्यांत होते ते वाचले, मधले गेले. आपलं दख्खनचं पठार त्या मधल्यातच मोडतं.

उलटही झालंय. हिमयुगांच्या मधल्या उबदार काळात युरोपात माकडं होती, थेट इंग्लंड-जर्मनीपर्यंत त्यांची हाडं सापडली आहेत. आता त्या जातीची मोरोक्को, अल्जीरियात उरली आहेत. जिब्राल्टरलाही आहेत, पण ती माणसांनी नेलेली.

आता शेपटी. सायकलवरून शाळेत जाताना तुझं काय आधी गारठतं? कान आणि बोटं. शरीराचा जो भाग लांब आणि बारीक, तिथून ऊब लवकर निघून जाते. सोलापूरच्या माकडाला फांद्यांवर तोल सांभाळायला लांब शेपूट हवी, आणि तिथल्या उन्हात ती गारठायची भीतीच नाही. जपानी माकड मात्र कोरियाच्या बाजूने जमीन उघडी होती तेव्हा चालत आलं आणि बर्फात राहिलं. लाखो वर्षांत त्याची शेपूट वीतभरसुद्धा उरली नाही. होन्शूच्या उत्तर टोकाला, शिमोकिताला, माणूस सोडला तर जगातलं सगळ्यात उत्तरेकडचं माकड राहतं. हिवाळ्यात ते झाडांच्या साली आणि कळ्या खाऊन दिवस काढतं. तिकडचे आडवे, केसाळ. दक्षिणेच्या याकुशिमा बेटावरचे लहानखुरे. जिगोकुदानीला आपण गरम पाण्यात बसलेले पाहिले ना, ती मात्र त्याच टोळीची सवय, 1960च्या दशकात लागलेली. पाहुण्यांना वाटतं सगळी जपानी माकडं आंघोळ करतात. छे.

आजीला माकडाच्या घराची गोष्ट सांगायला लाव. पावसात भिजलं की "उद्या घर बांधीन" म्हणतं, ऊन पडलं की विसरतं. इथल्या माकडानेही कधी घर बांधलं नाही, पण थंडीत सगळी एकमेकांना चिकटून एक गोळा करून बसतात. जपानीत त्याला 'सारुदांगो' म्हणतात, माकडांचा लाडू. बर्फ पडत असतं आणि मधल्या पिल्लाचं फक्त नाक दिसतं.

एक काम कर. सकाळी वानरं आली की गच्चीतून बघ, खाली उतरून पाणी पितात का नुसती पानंच खातात. हाताने काही भरवू नकोस, मारुतीराया असले तरी चावतात. आणि येताना चटणी आण, डबा फिरकीच्या झाकणाचा.

तुझी,
आई