रायफल कोणती घ्यावी? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न: मुलगी तेरा वर्षांची आहे. स्वप्नील कुसाळेला पदक मिळाल्यापासून तिने नेमबाजीचा ध्यास घेतलाय. पहिली रायफल फाइनवर्कबाऊ कंपनीची घ्यावी की वॉल्थरची? (एक पालक, दादर)

उत्तर: तूर्त कुठलीच नको. स्वप्नीलचं पॅरिसचं २०२४ चं कांस्य ५० मीटर थ्री पोझिशन्समधलं (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून), म्हणजे काडतुसाच्या .२२ रायफलीवरचं. त्या रायफलीला शस्त्रपरवाना लागतो. मुलीची सुरुवात १० मीटर एअर रायफलने होईल. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज तुम्हाला जवळ आहे. आधी तिथे जाऊन या, सरावाला क्लबची रायफल मिळते का ते विचारा. वाढत्या वयात आज बसवलेली मापं वर्षभरही टिकत नाहीत आणि परदेशी मॅच रायफल लाखांच्या घरात जाते.

१० मीटर एअर रायफल प्रकारात रायफल साडेपाच किलोपर्यंत चालते. उभं राहून ७५ मिनिटांत ६० शॉट मारायचे आणि निशाणाच्या कार्डावरचा दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्धा मिलिमीटर! एवढं वजन दंडाच्या जोरावर पेलत नाही. डावं कोपर कमरेच्या हाडाशी टेकतं आणि भार हाडांवरून पायांत उतरतो. म्हणून कंपनीपेक्षा मापं बघायची: बटप्लेटची (खांद्याला टेकणाऱ्या पट्टीची) उंची, दस्त्याची लांबी, चीकपीस (गाल टेकवायचा भाग). एक परीक्षा सोपी आहे. रिकामी रायफल कार्डाच्या दिशेने खांद्याला लावून, गाल टेकवून मुलीला डोळे मिटायला सांगा. दोन श्वासांनी डोळे उघडल्यावर मागच्या साइटच्या छिद्रात पुढचं वर्तुळ मधोमध दिसलं, तर रायफल तिच्या अंगाला बसली. मान ताणून शोधावं लागलं तर चीकपीस सरकवा. सरकवूनही जमेना तर ती रायफल तिची नव्हे, नाव कितीही मोठं असो. फाइनवर्कबाऊ की वॉल्थर हा वाद क्लबात चहाबरोबर रंगतो खरा, पण पदकं दोन्हींवर आलेली आहेत.

प्रश्न: आजोबांची .३१५ रायफल गुहागरच्या घरी आहे. ते गेल्या वर्षी वारले. रानडुकरं भाताची नासाडी करतात. मी तिकडे जातो तेव्हा ती वापरली तर चालेल का? (मुलुंड)

उत्तर: नाही, आणि ती घरात ठेवणंही आता धोक्याचं आहे. परवाना आजोबांच्या नावाचा होता, तो त्यांच्याबरोबर संपला. रायफल जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करा, पावती घ्या आणि वारस म्हणून स्वतःच्या नावाने परवान्याचा अर्ज करा. हे काम आधीच व्हायला हवं होतं, आता या आठवड्यात उरका.

डुकरांचं म्हणाल तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या ठरावीक प्राण्यांना मारण्याची परवानगी कलम ११ खाली मिळू शकते, पण लेखी आणि वनखात्याकडूनच. शेतमालक म्हणून अर्ज करा, पंचनामा मागा. शस्त्रपरवाना मिळाला म्हणजे शिकारीची मुभा मिळाली, असा समज अजूनही बऱ्याच जणांचा आहे. या दोन वेगळ्या परवानग्या आहेत.

प्रश्न: बाल्कनीतल्या कबुतरांवर एअरगन चालवावी का? (अंधेरी)

उत्तर: जाळी लावा. छर्रा शंभर मीटरपलीकडेही सहज जातो, समोरच्या खिडकीत माणसं राहतात, आणि प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा १९६० चा कायदा आहेच.

प्रश्न: नोकरी सांभाळून रविवारी रेंजवर जातो. स्पर्धेत उतरायची इच्छा नाही. एअर रायफल स्प्रिंगची घ्यावी की पीसीपी (दाबून भरलेल्या हवेची)? जुनी चालेल का? (ठाणे)

उत्तर: ४.५ मिलिमीटरची आणि २० जूलपर्यंत ताकदीची एअर रायफल असेल तर परवाना लागत नाही. ओळखपत्र मात्र दुकानात न्या. स्प्रिंगची रायफल स्वस्त, कटकट कमी. पण छर्रा नळीतून सुटण्याआधीच आतला पिस्टन धावतो आणि रायफल हलते, त्यामुळे पकड दरवेळी तीच हवी. छंदापुरतं मी तरी हीच सुचवेन. पकडीतली चूक ती लगेच दाखवून देते. पीसीपीत हवा आधीच दाबून भरलेली असते, धक्का जवळपास नसतो आणि गट (छर्रे एकाच जागी जवळजवळ लागणं) लवकर जमतो. हवा भरायची सोय मात्र रेंजवर आहे ना, ते बघून घ्या.

जुनी जरूर घ्या. नळीच्या तोंडाशी आणि स्क्रूंच्या खाचांत गंज आहे का ते टॉर्चने बघा. मुंबई-ठाण्याचा पावसाळा तिथेच आधी दिसतो. पीसीपी असेल तर सिलिंडरवर छापलेली तारीख वाचा. दहा वर्षांची मुदत उलटली असेल तर नव्या सिलिंडरची किंमत वजा करूनच भाव ठरवा, जुन्यात २०० बार दाबाची हवा भरू नका.