व्याजदर वाढवले तरी २०१३ मध्ये रुपया का पडला?

तुमचा प्रश्न असा, की पुस्तकात लिहिलंय व्याजदर वाढवले की बाहेरचा पैसा येतो आणि चलन सावरतं, मग १५ जुलै २०१३ ला रिझर्व्ह बँकेने बँकांना अडीनडीला द्यायच्या पैशाचा दर एका झटक्यात रेपोच्या, म्हणजे ती बँकांना नेहमी ज्या दराने उसने देते त्याच्या, तीन टक्के वर नेऊन ठेवला तरी २८ ऑगस्टला डॉलर ६८ च्या पुढे कसा गेला. 'सट्टेबाजांनी पाडला' असं सांगून कुणीतरी मोकळं होतं, तेवढ्याने भागत नाही. मी तेव्हा एका बँकेच्या ट्रेझरीत, म्हणजे बँकेचे डॉलर-बाँडचे व्यवहार बघणाऱ्या खात्यात होतो, डीलर नव्हतो, बॅक ऑफिसला होतो, त्यामुळे शौर्याच्या गोष्टी नाहीत माझ्याकडे, पण ते दोन महिने जवळून बघितलेत.

२२ मे ला अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे, म्हणजे फेडचे, तेव्हाचे प्रमुख बर्नान्की अमेरिकन काँग्रेससमोर बोलले, की बाँडखरेदी, म्हणजे बाँड घेऊन बाजारात डॉलर ओतणं, पुढच्या काही बैठकांत कमी करू शकतो, आणि तिथून पडझड सुरू झाली हे खरंय. पण ते सगळ्या जगाने ऐकलं, आणि फिलिपिन्सच्या पेसोला आपल्याइतका मार बसला नाही, कारण त्यांच्या चालू खात्यात, म्हणजे आयात-निर्यात वगैरे परदेशाशी होणाऱ्या देण्याघेण्याच्या हिशोबात, शिल्लक होती. आपलं छप्पर पाऊस यायच्या आधीपासूनच फुटलेलं. २०१२-१३ ची चालू खात्यातली तूट ८८ अब्ज डॉलर, म्हणजे जीडीपीच्या ४.८ टक्के, आणि त्यातल्या ऑक्टोबर-डिसेंबर तिमाहीत तर ६.७. ज्या तुटीपायी १९९१ ला सोनं परदेशात गहाण टाकायची पाळी आली ती ३ टक्क्यांच्या आसपास होती! फरक एवढाच की तेव्हा गंगाजळी, म्हणजे परकीय चलनाचा साठा, दोनेक आठवड्यांच्या आयातीपुरती उरली होती आणि २०१३ ला २७५ अब्ज डॉलरच्या आसपास होती, त्यामुळे दिवाळं निघणार नव्हतं, पण रुपया घसरणारच होता.

ही तूट आली कुठून? तेल आहेच, ते नेहमीचंच. त्यात सोनं, त्या वर्षी ५० अब्ज डॉलरच्या वर. आणि इथेच तुमचा व्याजदर येतो, फक्त तुम्ही बघताय त्या दाराने नाही. तेव्हा किरकोळ महागाई १० टक्क्यांच्या आसपास, एफडीवर मिळणार नऊ, त्यातून टॅक्स जाणार, मग माणूस करणार काय? आमच्या मेव्हण्याने एप्रिलमध्ये सोनं धाडकन उतरल्यावर एफडी मोडून वळी घेतली आणि मला वर शहाणपण शिकवलं, आणि खरं सांगायचं तर त्याचं गणित चुकलेलं नव्हतं. असे लाखो मेव्हणे. मे महिन्यात अक्षय्य तृतीया आली आणि एका महिन्यात दीडशे टनाच्या वर सोनं देशात आलं. तिकडे एप्रिल २०१२ पासून ३ मे २०१३ पर्यंत रेपो साडेआठवरून सव्वासातवर आणला गेला होता, कारण तेव्हा मुख्य लक्ष घाऊक महागाईवर असायचं, ती पाचच्या खाली आलेली, आणि वाढ मंदावली म्हणून सगळीकडून ओरड. म्हणजे व्याजदराचं औषध लागू पडलं असतं, पण वर्ष-दोन वर्षं आधी, आणि तेही सोन्याची भूक कमी करून, हळूहळू.

आता १५ जुलैचं. रेपो सव्वासातलाच ठेवला आणि एमएसएफ, म्हणजे बँकेला अडीनडीला रिझर्व्ह बँकेकडून रात्रीपुरते पैसे मिळतात तो दर, सव्वादहावर नेला, आठवड्याभरात नेहमीच्या खिडकीतून उचल किती करायची त्यावरही टाच आणली. हेतू सरळ होता, रुपये उसने घेऊन डॉलर दाबून बसणं महाग करायचं. पण आपल्याकडे तेव्हा बाहेरचा बराच पैसा सरकारी बाँडमध्ये होता, आणि दर वाढला की जुन्या बाँडची किंमत पडते, हे तर पहिल्या दिवशी शिकवतात. दहा वर्षांच्या बाँडचा उतारा, म्हणजे बाजारभावाने घेतल्यावर त्यावर पडणारं व्याज, मे मध्ये सव्वासातच्या खाली होता तो ऑगस्टमध्ये नऊच्या वर गेला. ज्या परदेशी फंडाकडे तो कागद होता त्याचं रुपयातही नुकसान आणि डॉलरमध्ये बदलताना परत नुकसान, म्हणजे दुहेरी फटका, तो थांबेल कशाला, तो आधी दाराकडे पळाला. त्यात रिझर्व्ह बँक म्हणत होती हे तात्पुरतं आहे, रुपया स्थिरावला की मागे घेऊ. मग तीन वर्षांसाठी पैसा आणणारा तीन महिन्यांच्या व्याजाला भुलेल का? माझ्या मते खरी गोची तिथे झाली. वर १४ ऑगस्टला परदेशात पैसे पाठवायची मर्यादा दोन लाख डॉलरवरून ७५ हजारांवर आणली, तर लोकांना वाटलं आता दारं बंद होतायत, आणि घबराट उलट वाढली.

मग सावरला कसा? २८ ऑगस्टलाच तेल कंपन्यांना बाजारात न पाठवता रिझर्व्ह बँकेने थेट स्वॅपवर, म्हणजे ठरल्या मुदतीने परत करायच्या बोलीवर, डॉलर द्यायचं जाहीर केलं, रोजचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक बाजारातून उठलं. ४ सप्टेंबरला रघुराम राजन गव्हर्नर म्हणून आले आणि एफसीएनआरची, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या परकीय चलनातल्या ठेवींची, योजना आली. ती अशी: दुबईतला किंवा न्यू जर्सीतला आपला माणूस बँकेत किमान तीन वर्षांसाठी डॉलर ठेवणार, बँक ते रिझर्व्ह बँकेला देऊन रुपये घेणार, आणि तीन वर्षांनी डॉलर परत मिळायची हमी वर्षाला साडेतीन टक्क्यांत. बाजारात त्याच हेजला, म्हणजे पुढचा डॉलरचा भाव आधीच पक्का करून घ्यायला, जवळपास दुप्पट पडत होते. मधला फरक रिझर्व्ह बँकेने, म्हणजे शेवटी आपणच, सोसला. कित्येक बँकांनी तर ग्राहकाला डॉलर कर्जाऊ देऊन तेच डॉलर ठेवून घेतले, एकावर कितीतरी पट. ३० नोव्हेंबरला खिडकी बंद झाली तोवर बँकांच्या परदेशी उचलीसकट ३४ अब्ज डॉलर आले. आमच्याकडे तर रात्री दहा-दहापर्यंत फॉर्म तपासत बसायचो.

'राजननी रुपया वाचवला' म्हणणाऱ्यांना एक तारीख लक्षात ठेवायला सांगतो, १८ सप्टेंबर, त्या दिवशी फेडने बाँडखरेदी कमी करणं पुढे ढकललं. नशीबही होतं. आणि गंमत बघा, सप्टेंबरात राजननी एमएसएफ कमी केला आणि रेपो वाढवला, म्हणजे रुपयासाठीचा आणीबाणीचा दर सोडवला आणि महागाईसाठीचा कसला, आणि रुपया तरीही साठ-बासष्टकडे परत आला. २०१३-१४ ची तूट १.७ टक्क्यांवर उतरली, त्यात सोन्यावरच्या १० टक्के ड्युटीचा आणि ८०:२० च्या नियमाचा, म्हणजे आयात केलेल्या सोन्यातलं २० टक्के निर्यातीसाठी द्यायच्या सक्तीचा, मोठा वाटा आहे, अर्थात विमानतळावर पट्ट्यात बिस्किटं सापडायच्या बातम्याही तेव्हापासूनच वाढल्या.

तुम्ही शेवटी विचारलंय पुन्हा तसं झालं तर काय. झालं ना २०२२ ला. फेडने दर भराभर वाढवले, डॉलर ८३ च्या वर गेला, पण तूट २ टक्क्यांच्या आसपास होती आणि हातात साठा होता. ६४२ अब्जांवरून गंगाजळी ५२५ च्या आसपास उतरली, त्यातला काही भाग नुसता युरो-येन आणि अमेरिकन बाँड पडल्याने कमी दिसला, बाकीचे डॉलर विकले. रेपोही मे पासून वाढवत नेला, पण तो महागाईसाठी, एमएसएफच्या अंगाने रात्रीतून काही करावं लागलं नाही.