नाही म्हटलं की झोप उडते

“मॅडम, मन थोडं निबर करायचं काही औषध असतं का?”

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच त्यांनी हे विचारलं. वय पंचेचाळिशीच्या आसपास, व्यवसाय वायरमनचा. सोबत पत्नी होती. ती काही बोलली नाही, फक्त पर्समधून एक वही काढून माझ्यासमोर ठेवली. फोनवर आलेल्या मदतीच्या आवाहनांना यांनी गेल्या आठ महिन्यांत जे पैसे पाठवले, त्याचा हिशेब तिने ठेवला होता. कुणाचं ऑपरेशन, कुणाचं जळालेलं घर, कुणाची जखमी गाय, कुठला पूर. शेवटच्या पानावरच्या एका रकमेखाली दोन रेघा होत्या. “ही माझ्या भावाकडून उसनी घेऊन पाठवली,” ती म्हणाली, “आणि त्याच आठवड्यात पोरीची फी थकली.”

(त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

समुपदेशक म्हणून ही तक्रार माझ्याकडे वेगवेगळ्या रूपांत येते. बहुतेक जण ती घेऊन येत नाहीत. झोप लागत नाही, घरात भांडणं होतात असं सांगता सांगता ती मध्येच निघते. मदतीची हाक रोज येते, सगळ्यांना पुरे पडता येत नाही, हो म्हटलं तरी थोडंच दिल्यासारखं वाटतं आणि नाही म्हटलं तर आपण फार वाईट आहोत असं वाटतं. या गृहस्थांचं टोकाला गेलं होतं इतकंच. आवाहन पाहून पैसे पाठवले नाहीत तर रात्री दोन-अडीचला जाग यायची. मग उठून, पत्नी झोपलेली असताना, ते पैसे पाठवायचे आणि निवांत झोपायचे.

माझी पहिली चूक इथे झाली. मी सरळ बजेट करायला सांगितलं. महिन्याला ठरावीक रक्कम बाजूला काढा, ती संपली की हात आखडा. ऐकायला शहाणपणाचं वाटतं, आणि ज्यांचा प्रश्न नुसता हिशेबाचा असतो त्यांना उपयोगही होतो. यांची महिन्याची रक्कम चार दिवसांत संपली आणि पुढचे सव्वीस दिवस ते प्रत्येक आवाहन वाचून तळमळत राहिले. “आधी पैसे नसल्यामुळे देत नव्हतो,” ते म्हणाले, “आता तुम्ही नको म्हणालात म्हणून देत नाही. हे जास्त लागतं.” त्यांचं बरोबर होतं.

मग मी बजेट बाजूला ठेवलं आणि दुसरं सांगितलं. आवाहन आलं की वहीत दोन ओळी लिहायच्या. एक, आत्ता मला काय होतंय. दोन, त्या माणसाला काय हवंय. पैसे पाठवायचे की नाही हे दुसऱ्या दिवशी सकाळी ठरवायचं.

“आणि रात्रीत तो माणूस गेला तर?”

प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, समोर रस्त्यावर कुणी पडलं असेल तर सकाळची वाट बघू नका, धावा. हा नियम फक्त फोनपुरता. फोनवरचं आवाहन तुमच्यासारख्या हजारो जणांकडे गेलेलं असतं. ‘आत्ताच्या आत्ता, नाहीतर उशीर होईल’ असा जोर जिथे जास्त, तिथे तर मुद्दाम थांबा, कारण फसवणाऱ्यांचं मुख्य हत्यार घाई हेच असतं. तेवढ्या वेळात हॉस्पिटलला फोन करून खात्री करता येते, पैसे संस्थेच्या खात्यात जातायत की कुणाच्या खासगी, ते बघता येतं, आणि तोच फोटो आधी दुसऱ्या नावाने फिरलाय का हेही शोधता येतं.

दोन आठवड्यांनी वही आली. पहिल्या ओळीत सगळीकडे एकच: छातीत धडधड, पोटात गोळा, ‘हे संपलं पाहिजे’. दुसरी ओळ बहुतेक पानांवर कोरी होती. त्यांच्याच ते लक्षात आलं होतं. म्हणाले, “पैसे पाठवून पाच मिनिटं झाली की मला त्या पोराचं नावसुद्धा आठवत नाही. मग मी देत होतो कुणाला?”

इथे मला सामाजिक मानसशास्त्रज्ञ डॅनियल बॅटसन यांचं काम आठवतं. 1981 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही तरुणींना ‘एलेन’ नावाच्या एका मुलीला विजेचे सौम्य झटके बसताना दाखवलं. झटके अर्थात खोटे होते, बघणारीला मात्र ते खरे वाटत होते. नंतर विचारलं, हिच्याऐवजी उरलेले झटके तू घेशील का? काही जणींना थोडं बघून उठून जायची मोकळीक होती, काहींना शेवटपर्यंत बघावं लागणार होतं. एलेनचं दुःख बघून ज्या स्वतः अस्वस्थ झाल्या होत्या, त्या जाता येतंय म्हटल्यावर बहुतांशी निघून गेल्या. ज्यांना एलेनची काळजी वाटत होती, त्या वाट मोकळी असूनही तिची जागा घ्यायला तयार झाल्या. बाहेरून दोन्ही भावना सारख्याच दिसतात. दोन्हींत डोळे पाणावतात.

आपल्या हातातल्या फोनने यात एक भर घातली आहे. पूर्वी निघून जाणं ही पळवाट होती. आता पैसे पाठवणं हीसुद्धा पळवाट होऊ शकते. रक्कम गेली, स्क्रीनवर हिरवी खूण उमटली, धडधड थांबली.

हे त्यांना असं तोंडावर सांगितलं असतं तर ते परत आले नसते. त्यांनी पाठवलेले पैसे खोटे नव्हते. त्यातले काही खऱ्या गरजूंपर्यंत पोचलेच असतील. म्हणून मी एवढंच विचारलं, ही धडधड पहिल्यांदा कधी झाली?

ते बराच वेळ गप्प राहिले. मग बोलले. सहा-सात वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाकडे लाइट गेली म्हणून ते घाईत निघाले होते. वाटेत फुटपाथवर एक म्हातारा भिंतीला टेकून बसलेला दिसला, चेहरा पांढराफटक. हे थांबले नाहीत. तासाभराने परत आले तेव्हा तिथे कुणी नव्हतं. “त्यांचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. नुसता बसलेलाही असेल. पण तेव्हापासून कुणीही मदत मागितली की मला तोच दिसतो.” पत्नीला हे पहिल्यांदाच कळत होतं. तिने वही मिटून पर्समध्ये टाकली.

बॅटसन यांचाच आणखी एक प्रयोग मी त्यांना सांगितला. तो त्यांनी जॉन डार्ली यांच्याबरोबर केला होता आणि 1973 साली प्रसिद्ध झाला. धर्मोपदेशक व्हायला निघालेल्या विद्यार्थ्यांना भाषणासाठी दुसऱ्या इमारतीत जायला सांगितलं. काहींचा विषय तर वाटेत पडलेल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्या भल्या माणसाची बायबलमधली गोष्ट हाच होता. वाटेत दारात एक माणूस वाकून खोकत, कण्हत पडलेला. निवांत असलेल्यांपैकी 63 टक्के थांबले. थोडी घाई असलेल्यांपैकी 45 टक्के. ‘उशीर झालाय, पळा’ असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यातले फक्त 10 टक्के. भाषणाचा विषय कुठला होता, याने फारसा फरक पडला नाही. घाईने पडला.

“म्हणजे मी दगड नव्हतो,” ते म्हणाले.

“तुम्ही घाईत होतात.”

ते रडले. कागदावरचे आकडे ऐकून माणूस रडतो हे कुणाला विचित्र वाटेल, पण आपल्याच बाजूने कुणीतरी साक्ष देतंय असं काहींना आकड्यांतूनच वाटतं. अर्थात त्या एका तासाने सगळं मिटलं नाही. झोप सुधारायला पुढे तीन महिने लागले आणि मध्ये एकदा त्यांनी पुन्हा गुपचूप पैसे पाठवले. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते स्वतः पत्नीला सांगितलं, ही मला प्रगती वाटली. तिला वाटली नाही, आणि तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या भल्या मनाचं बिल आठ महिने तीच भरत होती.

दुसरी गाठ होती ‘माझ्या एवढ्याशाने काय होणार’. एका मुलाला पैसे पाठवले की यांना उरलेले पाच दिसायचे. डॅनियल वेस्टफ्याल, पॉल स्लोविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं आहे. ज्याला मदत करता येणं शक्य आहे अशा मुलाबरोबर ज्यांना करता येणार नाही अशी मुलंही दाखवली, की देणाऱ्याचं समाधान उतरतं आणि देण्याची इच्छाही. गंमत म्हणजे त्या एका मुलाला मिळणारी मदत तेवढीच असते. कमी होतो तो फक्त आपला उत्साह. हे सांगितल्यावर त्यांनी आपल्या धंद्यातलं उदाहरण दिलं. चाळीस घरांच्या इमारतीत एका घराची लाइट गेली म्हणून आपण त्या घरात जातो, शहरात आणखी कुठे कुठे अंधार आहे याचा विचार करत शिडीवर चढत नाही. मग थोडं थांबून म्हणाले, “चढलो तर पडेन.”

त्यानंतर काय द्यायचं ते त्यांनीच ठरवलं. शिकणाऱ्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला दरमहा छोटी रक्कम. ती निवडण्याआधी ते स्वतः जाऊन आले, नोंदणी आणि लेखापरीक्षणाचे अहवाल मागितले. संस्थेतल्या बाई म्हणाल्या म्हणे, एकदम येणाऱ्या मोठ्या रकमेपेक्षा दर महिन्याला नक्की येणारी छोटी रक्कम आम्हाला बरी, शिक्षकाचा पगार तिच्यावर ठरवता येतो. बाकीची आवाहनं आता ते मनातल्या मनात ‘तुझं भलं होवो’ म्हणून पुढे सरकवतात. हे मला आधी जरा भाबडं वाटलं होतं. पण ओल्गा क्लिमेकी आणि तानिया सिंगर यांच्या 2014 च्या अभ्यासात असंच काहीसं दिसतं. दुसऱ्याच्या वेदनेत शिरायचा सराव केलेल्यांचं मन जास्त खचलं, आणि त्याच लोकांना पुढे त्या माणसाचं भलं चिंतायचा सराव दिल्यावर ते सावरलं.

शिवाय ते रक्त देऊ लागले. याचा हिशेब मला फार आवडतो, कारण तो भावनेच्या भरतीला जुमानत नाही. रक्ताचा साठा फार दिवस करून ठेवता येत नाही. लाल पेशी साधारण 42 दिवस टिकतात, प्लेटलेट्स 5 ते 7 दिवस. सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यांनंतर अमेरिकेत रक्तदात्यांच्या रांगा लागल्या आणि त्यातलं बरंच रक्त पुढे मुदत संपल्याने टाकून द्यावं लागलं. एरवीच्या, काहीही घडलेलं नसलेल्या मंगळवारी जो येतो, तो रक्तपेढीला हवा असतो.

एक गोष्ट मात्र शेवटपर्यंत त्यांच्या हिशेबात बसत नव्हती. कुणाचा पंखा अडलाय, कुणाची घंटा वाजत नाही, एकट्या राहणाऱ्या कुणाचा बल्ब बदलायचाय, अशी कामं ते जाता येता फुकट करायचे. “दोन मिनिटांचं काम, त्यात काय मदत?” पत्नीच्या वहीत त्याची नोंद नव्हती आणि त्यांच्या मनातही नव्हती. अमित कुमार आणि निकोलस एपली यांनी 2022 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एक साधा प्रकार होता. बर्फावर स्केटिंग करायला आलेल्यांनी अनोळखी माणसाला गरम चॉकलेटचा कप द्यायचा. घेणाऱ्याला किती बरं वाटेल याचा देणाऱ्यांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा कमीच निघाला. त्यांचं लक्ष त्या कपावर होतं, घेणाऱ्याला मात्र कुणीतरी आपली आठवण ठेवल्याची ऊब लागली होती.

हे ऐकून त्यांना बरं वाटलं असावं, पण पत्नी लगेच म्हणाली, “मग सगळं फुकटच करा!” तिचा मुद्दा वेगळा होता आणि खरा होता. ज्यांना सहज परवडतं त्यांच्याकडूनही हे पैसे घेत नव्हते. मागायची लाज वाटायची. पैसे घेतले की चांगुलपणा विटाळतो, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात होतं. शेवटची दोन सत्रं आम्ही यावरच बोललो.

निरोपाच्या दिवशी ते उठले आणि छताकडे बघून म्हणाले, “पहिल्या दिवसापासून बघतोय, तुमची ही ट्यूब गुणगुणते. चोक गेलाय. सांगू की नको असं होत होतं.”

आमच्या व्यवसायात क्लायंटकडून भेट घेत नाहीत, फुकटची सेवा तर नाहीच. म्हणून मी म्हटलं, “करून द्या, पण मी पैसे देणार. किती होतील?”

त्यांनी क्षणभर पत्नीकडे पाहिलं, मग आकडा सांगितला. शिडीवर चढता चढता वळून म्हणाले, “चोकचे वेगळे हं.”