चेसिस नंबर आणि चावीची नक्कल करून गाडी चोरतात, ते कसं टाळायचं?

आधी चावीचं बघा, कारण बऱ्याच गाड्या तिथूनच जातात. स्टिअरिंगखाली ओबीडी पोर्ट असतो, म्हणजे मेकॅनिक गाडीचा कॉम्प्युटर तपासायला वापरतो ते सॉकेट. त्याला चावी नोंदवायचं यंत्र जोडलं की काही मिनिटांत नवी चावी नोंदवता येते. म्हणून पोर्टवर लोखंडी ओबीडी लॉक बसवा, शिवाय गिअर लॉक लावा. मुंबईत गाडी रात्रभर रस्त्यावर उभी असेल तर दोन्ही हवंच.

जुनी गाडी घेतली असेल तर सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावून किती चाव्या नोंदल्या आहेत ते विचारा. हातात दोन आणि नोंद तीन असेल, तर सगळ्या पुसून फक्त आपल्या दोनच पुन्हा नोंदवायच्या. दोन्ही मूळ चाव्या जपा. चोरीच्या क्लेमला विमा कंपनी त्या मागते. बटण-स्टार्ट गाडीची चावी सिग्नल अडवणाऱ्या पाऊचमध्ये ठेवा. पाऊच हातात धरून दार उघडून बघा. उघडलं तर पाऊच निकामी. हे करून बघायला लोक हमखास विसरतात.

आता चेसिस नंबर. तो १७ अक्षर-आकड्यांचा असतो. चोर तो चोरीच्या दुसऱ्या गाडीवर टाकून तिला तुमच्या गाडीची ओळख देतात, म्हणून तो उघडा ठेवू नका. काही गाड्यांत तो पुढच्या काचेतून दिसतो. गाडी उभी करताना त्यावर कागद ठेवा. विक्रीच्या जाहिरातीत आरसीचा फोटो टाकू नका. हॉटेलात गाडी पार्क करून देणाऱ्या व्हॅलेला चावी देताना गाडीत आरसीची झेरॉक्स ठेवू नका, डिजिलॉकर पुरतं.

तुमच्या नंबरची दुसरी गाडी फिरत असेल तर तिचा दंड तुमच्या नावावर येतो, म्हणून महिन्यातून एकदा ई-चलान तपासा. गाडी दादरला असताना चलान नाशिकचं आलं, तर फोटोतला रंग-मॉडेल जुळवून बघा आणि लगेच पोलिसांत लेखी तक्रार द्या.