सेंटर बदलण्याआधी ती पॉलिसी परत करा

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका ताईंचं पत्र आलं आहे. यजमान ६१ वर्षांचे, साखर कारखान्यातून निवृत्त. १४ महिन्यांपासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस, गावातल्याच सेंटरवर, महात्मा फुले योजनेतून मोफत. पण चार तासांचं काम तिथे तीन-सव्वातीन तासांत उरकतात, डॉक्टर महिना महिना दिसत नाहीत, आणि गेल्या दोन महिन्यांत दोनदा मशीनवर असतानाच यजमानांना हुडहुडी भरून ताप आला. मिरजेच्या खासगी सेंटरने एका वेळेचे १,८०० रुपये सांगितले आहेत. एफडी मोडून तिकडे न्यावं का, असा प्रश्न आहे.

पत्राच्या शेवटी जाता जाता एक ओळ आहे: ‘फंड-ग्रॅच्युइटीचे २६ लाख होते. बँकेतल्या साहेबांनी त्यातून माझ्या नावे वर्षाला ४ लाखांची पॉलिसी काढून दिली, कागद पंधरा दिवसांपूर्वी आले. पाच वर्षांनी पैसे दुप्पट झाले की ट्रान्सप्लांट करू. किडनी मीच देणार आहे.’

ताई, ही ओळ वाचून मी बाकीची पत्रं बाजूला ठेवली.

आधी पॉलिसीचं बघू. कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत कारण न सांगता ती परत करता येते. तुमचे फार तर १५ दिवस उरलेत. उद्याच बँकेत जा, लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि तसाच ईमेल विमा कंपनीलाही पाठवा. ‘साहेब रजेवर आहेत, पुढच्या आठवड्यात या’ असं सांगितलं तरी अर्ज दिल्याशिवाय उठू नका. मुद्रांक शुल्कासारखी किरकोळ रक्कम कापतील आणि बाजार खालीवर झाला असेल तर तेवढा फरक पडेल. बाकी पैसे परत मिळतात.

ही मुदत हुकली आणि पुढचा हप्ता भरता आला नाही, तर युलिपमधले, म्हणजे बाजारात पैसे गुंतवणाऱ्या अशा विम्यातले, पैसे पाचवं वर्ष संपेपर्यंत अडकतात. घरात डायलिसिस सुरू असलेल्या बाईला पाच वर्षं हात लावता न येणारी गोष्ट विकणाऱ्या माणसाचा मला मनापासून राग येतो. आणि दुप्पट? दरवर्षी ४ लाख भरून पाच वर्षांत २० चे ४० व्हायला वर्षाला जवळजवळ २४ टक्के परतावा लागेल. असं वचन कोणीही देऊ शकत नाही.

त्याहून मोठी चूक म्हणजे ट्रान्सप्लांट पॉलिसीच्या मुदतीला बांधणं. मी डॉक्टर नाही, पण किडनीचे डॉक्टर एक गोष्ट स्पष्ट सांगतात: डायलिसिसवरची वर्षं जितकी वाढतात, तितके हृदय आणि रक्तवाहिन्या थकतात, आणि ट्रान्सप्लांटनंतरचा निकालही उतरतो. पाच वर्षांनी तुमचंही वय पाचने वाढलेलं असेल. आज तुमची तब्येत किडनी देण्याजोगी आहे का, रक्तगट जुळतो का, हे आत्ता तपासा. अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यात पत्नी ही जवळची नातेवाईकच आहे. महात्मा फुले योजनेत किडनी ट्रान्सप्लांटसाठी साडेचार लाखांपर्यंत मदत आहे. तुमच्याकडे पैसे आज आहेत. पॉलिसीने ते पुढे ढकलले, एवढंच तिचं काम.

आता सेंटर. वर्षाला १५६ वेळा, १,८०० ने २ लाख ८० हजार. गाडीचे जाऊन-येऊन हजार धरले तर दीड लाख. इंजेक्शनं, तपासण्या, औषधं ८० हजार, घरखर्च २ लाख ४० हजार. एकूण साडेसात लाख. येणं म्हणजे ३ हजारांची पेन्शन आणि व्याज, मिळून दोन लाखांच्या आसपास. पॉलिसीचा दरवर्षीचा ४ लाखांचा हप्ता खर्चात मिळवला तर पैसे दोन वर्षांत, फार तर थोड्या जास्त काळात संपतात. पॉलिसी परत केली तर सव्वाचार वर्षं. आणि मिरज-सांगली-कोल्हापूरकडच्या, योजनेच्या यादीतल्याच दुसऱ्या रुग्णालयात मोफत डायलिसिस मिळालं, गाडी-औषधांचा आणि घराचा खर्च तेवढाच राहिला, तर महागाई न धरता आठ वर्षं.

म्हणजे सेंटर बदला, पण योजना सोडू नका. आत्ताच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून, म्हणजे योजनेच्या मदतनिसाकडून, यादीतल्या रुग्णालयांची नावं घ्या. तीन तासांत उरकल्याची आणि दोन्ही तापांची तक्रार तारखांसह त्यालाच लेखी द्या. मोफत आहे म्हणून गप्प बसू नका, सरकार त्या सेंटरला प्रत्येक वेळेचे पैसे देतं.

आणि महाग म्हणजे चांगलं, असंही धरू नका. नव्या ठिकाणी जाऊन विचारा: आरओच्या पाण्याची जंतुतपासणी शेवटची कधी झाली, अहवाल दाखवा. डायलायझर, म्हणजे रक्त गाळणारी नळी, पुन्हा वापरत असाल तर त्यावर नाव कसं लिहिता? हिपॅटायटिस बी असलेल्यांचं मशीन वेगळं आहे का? डायलिसिसआधीचं आणि नंतरचं युरिया दर महिन्याला तपासता का? ते किमान ६५ टक्के उतरायला हवं. तीन तासांत उरकणाऱ्या ठिकाणी बहुतेकदा इथेच कमी पडतं. आणि किडनीचे डॉक्टर स्वतः कोणत्या वारी येतात?

मशीनवर हुडहुडी भरणं ही साधी गोष्ट नाही. पाण्यातून किंवा मानेत बसवलेल्या नळीतून, म्हणजे कॅथेटरमधून, जंतू रक्तात गेल्याची ती खूण असू शकते. अजून कॅथेटरच असेल तर हातावर फिस्टुला (डायलिसिससाठी दोन रक्तवाहिन्या जोडणं) करण्याबद्दल याच आठवड्यात डॉक्टरांशी बोला. एका जंतुसंसर्गात आयसीयूचे आठ दिवस गेले, तर वर आठ वर्षांचा जो हिशेब मांडला, त्यातलं एक वर्ष जाऊ शकतं.

पॉलिसीचे ४ लाख परत आले की ते पुन्हा एफडीत अडकवू नका. बचत खात्यातच ठेवा. तुमच्या दोघांच्या ट्रान्सप्लांटपूर्व तपासण्यांचा खर्च त्यातूनच करायचा आहे.